बिनमाजूनचा पत्रा

हो, चार्जरच म्हटलं मी. शेखांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा चार्जर म्हटलं. आता तिकडे कपाळाला हात लावून बसू नका. आयुष्यभर घोडी-घोडी करत राहिलात आणि निकालाची वेळ आली तेव्हा घरचीच बाई फितूर झाली, असं वाटत असेल तुम्हाला. वाटू दे. बायको होते मी तुमची, वकील नव्हते. आणि अहो, तुम्ही हयात असताना तरी मी कधी तुमच्या बाजूने बोलले होते, सांगा बघू? जावेसमोर, नणंदेसमोर, अगदी शेखांसमोरसुद्धा पडद्याआडून मी तुमचीच टर उडवायचे. मग आता तुम्ही नाही म्हणून मी एकदम सोज्वळ व्हावं, असं कुठे ठरलं होतं आपलं?

पण नीट सांगते, नाहीतर अर्धवट ऐकून रुसाल. शेख आता थकलेत हो. तो दरवाजाएवढा माणूस आता काठी घेऊन चालतो. डोळ्यांना फार कमी दिसतं, म्हणून मुलग्यांनी गाडीच्या चाव्या काढून घेतल्यात. गॅरेज तेच, सौदीतल्या यान्बूच्या त्याच सनाय्यात, वर्कशॉपांच्या वस्तीत, तीच लोखंडी शटरं. फक्त तुम्ही जिथे हातोडी टांगायचात तिथे आता एसी लावलाय. आणि मागच्या शेडमध्ये त्या दोघी गाड्या अजून उभ्या होत्या. रिफायनरी बांधायला आलेले अमेरिकन साहेब जाताना टाकून गेलेल्या, शेखांनी हौसेने घेतलेल्या आणि तुम्ही पोटच्या पोरींसारख्या सांभाळलेल्या. निळी मस्टँग, नाकावर पळता घोडा म्हणून मी तिला घोडी म्हणायचे. आणि काळी चार्जर, तिचं नाव मी ठेवलं होतं रेडा. शेखांच्या मुलग्यांना शेडची जागा हवी आहे. एक ठेवा, एक विका, म्हणाले बापाला. रियाधचा कोणी शौकीन दोन्हीपैकी कुठलीही उचलायला तयार होता.

तर शेखांनी आपल्या मुलाला फोन केला. आपला मुलगा इथेच प्लँटमध्ये इंजिनिअर आहे आता, मी त्याच्याच इकाम्यावर, त्याच्या परवान्यावर राहते. दाढी पांढरी व्हायला लागलीय त्याची, तुमच्यापेक्षा म्हातारा दिसतो. शेख त्याला म्हणाले, "तुझ्या आईला घेऊन ये. तुझा मरहूम बाप आणि मी इतकी वर्षं भांडलो, कुठली गाडी चांगली ते ठरलंच नाही. आता उख्ती, माझी बहीण, दोन्ही चालवेल. ती म्हणेल ती राहील, दुसरी जाईल." मुलगा मला म्हणतो, "अम्मी, म्हातारे झालेत ते, मनावर घेऊ नकोस." मनावर काय घेऊ नकोस! मी अबायाला इस्त्री करायला घेतली होती.

तुमची ती भांडणं मला अजून ऐकू येतात. गॅरेजच्या मागे आपली खोली, मध्ये एक पडदा, अलीकडे माझी शेगडी आणि पलीकडे तुम्ही दोघं कहवा पीत, खजुराच्या बिया एकाच बशीत टाकत. शेख म्हणायचे, "तुझी मस्टँग म्हणजे बायकांची चप्पल. पत्रा बघ, फू केलं तर उडेल." तुम्ही म्हणायचात, "शेख, तुमची चार्जर म्हणजे उंट. डावीकडे वळायचं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं." मग दार आपटून दाखवायची पाळी. आधी काळीचं दार, मग निळीचं. "हे ऐक, हा आवाज ऐक." "शेख, आवाज पेटीचा चांगला असतो, गाडी पेटी आहे का?" मी पडद्याआड पदर तोंडात कोंबून हसतेय. कफील, म्हणजे मालकच, आणि कामगार असे भांडतात हे मी गावी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवायचं नाही.

आणि माजून आठवतं ना? मी नवी-नवी आले होते इथे. तुम्ही दुपारी जेवायला आलात ते कावलेले. ताट पुढे ओढलंत आणि म्हणालात, "आज एक गाडी आलीय, आत नुसतं माजून भरलंय." आता आमच्या गावी हकीमाकडून आजी माजून आणायची, बदाम, तूप, काय काय घातलेलं, चमचाभर सकाळी चाटायचं, गुडघ्यांसाठी. मी आपली साधेपणाने विचारते, "गाडीला माजून कशाला? गुडघे दुखतात का तिचे?" तुम्ही असे हसलात, असे हसलात, की घास अडकला आणि मीच पाठीत बुक्क्या घातल्या. मग समजावलंत. चेपलेला पत्रा मागून ठोकून, त्याला समजावून-समजावून पुढे आणायचा, हे खरं काम. आळशी डेंटर खड्ड्यात लगदा भरतो, घासतो, वर रंग मारतो, गिऱ्हाइकाला कळतही नाही. त्या लगद्याला हे अरब माजून म्हणतात. दुसऱ्या दिवशी माझी फजिती तुम्ही शेखांना सांगितलीत, आणि त्यानंतर सलाम झाला की शेखांचा पहिला प्रश्न, "या उख्ती, गाडीचे गुडघे कसे आहेत?" इतक्या वर्षांनी आता शेडमध्ये शिरले तर तोच प्रश्न. मी म्हटलं, "गाडीचे ठीक आहेत शेख, माझेच गेले."

तुम्ही मला वाजवून बघायलाही शिकवलं होतंत. बोटाच्या पेराने टकटक करायचं. खरा पत्रा टण म्हणतो. माजून थप म्हणतं. लोकांचे नवरे बायकांना सोन्याची पारख शिकवतात, माझ्या नवऱ्याने पत्र्याची शिकवली. आणि मग तो आपल्या घरातला शब्दच झाला. मुलगा शाळेतून उशिरा आला की, "माजून नको, सरळ सांग." शेखांनीही उचलला. "बिदून माजून बोल," म्हणायचे, म्हणजे लगदा न भरता बोल, खरं बोल. तुमचा एकच तोरा होता जगात, दुसरं काही नव्हतं तुमच्याकडे. "माझ्या हाताखालून गेलेल्या पत्र्यात माजूनचा थेंब सापडला तर मी हातोडी टाकून देईन." सनाय्यातले पठाण, मलबारी, सगळे ओळखायचे तुम्हाला त्या एका वाक्यावरून.

आता गाडी चालवायचं. तुम्ही म्हणाल, ह्या बाईला कोणी लायसन दिलं. दिलं, बाबा, दिलं. बायकांना लायसन मिळायला लागलं तेव्हा सुनेआधी मी जाऊन उभी राहिले. शिकवणारी पोरगी म्हणाली, "खाला, तुम्हाला आधीपासून येतं, कुठे शिकलात?" मी म्हटलं, यूट्यूबवर. आता तिला काय सांगू, की शुक्रवारच्या नमाजनंतर नवरा मला प्लँटच्या पलीकडे सपाट वाळवंटात घेऊन जायचा, घोडीच्या सीटवर दोन उश्या ठेवायचा, आणि आकाशाशिवाय कोणी बघत नाही अशा जागी चावी हातात द्यायचा. क्लच सोडताना खर्र झालं की तुम्ही ओरडायचात, "गिअर आहे तो, नारळाची खवणी नाही!" मी म्हणायचे, "खवणीवर बसायला दिलं असतंत तर आतापर्यंत दोन नारळ झाले असते." मग तुम्ही खिडकीबाहेर बघायचात. पण तुमचा उजवा पाय तुमच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत असायचा, ते मी बघत होते. बापाच्या होडीत वाढलेली मी. सुकाणू कसं धरतात हे मला कोणी शिकवायला नको होतं. घोडी जरा इकडे-तिकडे झाली की बसल्या जागी कळायचं, होडीत कळतं तसं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या बुडाला डोळे आहेत." नवऱ्याने केलेली माझी एवढीच तारीफ, तीही अशी की कोणाला सांगता येत नाही.

तर सोमवारी असरच्या नमाजनंतर निघालो. शेजारच्या सीटवर सून. मुलगा बाहेर शेखांच्या खुर्चीपाशी उभा. शेखांनी आधीच जाहीर केलं, नवीन कामगारांना ऐकू जाईल असं. "जी गाडी राहील तिचा सगळा रंग इथे माझ्यासमोर खरवडायचा. पत्रा उघडा करायचा. ह्या पोरांनी बघू दे एकदा, मरहूमचं काम कसं असतं. लगद्याचा एक थेंब नाही निघणार." तुमच्या नावाने असं काही ऐकलं की मला अजून लाज वाटते, नव्या नवरीसारखी. मी म्हटलं, "यल्ला, आधी चालवू तर द्या."

आधी रेडा. आत बसले तर समोर एवढं लांब बोनेट की त्यावर चटई टाकून मिरच्या वाळत घालाव्यात. दार लावलं, धप्प! शेख खुर्चीतून ओरडले, "ऐकलंस?" ऐकलं. पत्रा बिडाच्या तव्यासारखा, कुठे काही वाजत नाही, हलत नाही. चावी फिरवली तर आधी पोटात गुरगुर, मग सीटला थरथर. एक्सिलेटरवर पाय ठेवला तर कोणीतरी मागून पाठीत गुद्दा मारावा तशी सुटली. सून म्हणते, "अम्मी, स्लो! अम्मी, प्लीज!" मी म्हटलं, "बाय, तू मोबाईल बघ, रस्ता मी बघते." समुद्राच्या बाजूचं ते मोठं वळण आलं, तिथे मात्र अख्खी गाडी झुलली, भरलेला मचवा बंदरात वळतो ना, तशी. स्टेअरिंग फिरवलं की ती जरा विचार करते, मग वळते. ब्रेकचंही तसंच. पण दमदार, हो. ऐसपैस, पाय लांब करा, मांडी घाला. चांगली गाडी आहे ती, आणि शेखांनी उगाच जीव नाही लावला.

मग घोडी. दार एका बोटाने लागलं. बिजागऱ्या तुम्हीच बसवल्या होत्यात, त्या अजून तुमचं ऐकतात. पत्रा पातळ, आमच्याकडच्या जर्मनच्या पातेल्यासारखा, ते शेखांचं म्हणणं खरंच आहे. पुढचं ते बोनेट खुळखुळतं. इंजिनाची धग पायावर येते, चप्पल तापते. मागे मांजर बसेल एवढीच जागा. सून म्हणाली, "अम्मी, ही तर खेळण्यातली वाटते." तेच मोठं वळण हिलाही दिलं. बाकी कशी चालली ते मग सांगते.

परत आलो. सूर्य प्लँटच्या चिमण्यांमागे गेला होता. शेखांनी काठी टेकून मान वर केली, नजर माझ्या जरा बाजूला, कारण मी नक्की कुठे उभी आहे ते त्यांना दिसत नव्हतं. "बोल उख्ती. कुठली?"

"चार्जर," मी म्हटलं.

"बिदून माजून?"

"बिदून माजून. चार्जर."

आधी तर ते एवढ्या मोठ्याने हसले की वर्कशॉपमधली पोरं बाहेर आली. मांडीवर थाप मारली, "मी सांगत होतो! मी त्याला सांगत होतो!" आणि मग हसता-हसता चष्मा काढला, बाहीने पुसला, परत घातला, जसं काही त्यातून दिसतं. म्हणाले, "आता हे कोणाला सांगू? ज्याला सांगायचं तो तर नाही."  आपल्या मुलाने त्यांना पाणी दिलं. गुरुवारी रियाधहून मोठा ट्रक आला आणि घोडीला पाठीवर घालून घेऊन गेला. मी गेले होते बघायला. नाकावरचा तो घोडा उलट्या दिशेने पळत होता.

आणि काल रेड्याचा रंग खरवडला. शेख खुर्ची टाकून बसले होते, दुपारच्या उन्हात. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांचा मोठा मुलगा बोट लावून सांगत होता, इथे ठोकलंय, इथे ठोकलंय, हातोडीच्या खुणा आहेत बाबा, माजून नाही. दारावर नाही, बोनेटवर नाही, कुठेच नाही. शेखांनी हात लावून सगळा पत्रा चाचपला. नवीन पोरांना म्हणाले, "बघितलंत? असा होता तो." तो जो एसी लावलाय ना, त्याच्याखाली तुमच्या हातोडीचा खिळा अजून आहे. शेखांनी तो काढू दिला नव्हता, हे मला काल कळलं.

हे पत्र मी कुठे टाकणार आहे? तुमचा पत्ता कबरस्तान, आणि तिथे आम्हा बायकांना आत सोडत नाहीत. मुलाच्या हाती दिलं तर तो गेटमध्येच उघडून वाचेल, एवढी मोठी माया आहे त्याची. तेव्हा हे घरातच राहणार, फाडलं नाही तर. म्हणून आता सांगून टाकते.

दोन्ही गाड्या चालवून झाल्यावर, शेखांनी विचारायच्या आधी, सून चहा आणायला गेली आणि मी उगाच आपली घोडीभोवती फिरले. सवय म्हणून टकटक करत. बोनेट, टण. दार, टण. मागे डाव्या चाकाच्या वर आले. थप. मला वाटलं बोट घसरलं. परत वाजवलं. थप. हातभर जागा, सगळी थप. अहो, मी आधी हसले. म्हटलं, सापडलात! जन्मभर तोरा मिरवलात आणि बायकोने एका बोटाने पकडलं. आणि मग मला आठवलं की तिथलं काम कधीचं आहे. तुमचं शेवटचं. शेखांच्या मुलग्याने घोडी मागे घेताना खांबाला चेपली होती. तुम्ही शटर ओढून एकट्याने काम केलंत, कोणाला आत येऊ दिलं नाहीत. आणि त्याच आठवड्यात तुम्ही जेवायला बसलात आणि म्हणालात, "आज तू भरव मला." मी म्हटलं, "म्हातारपणी काय हे लाड!" तुम्ही म्हणालात, "लाड करून घ्यायचं वय हेच आहे." सात-आठ दिवस मी तुम्हाला भाताचा घास भरवत होते, लाजत होते आणि आतून खुश होते. शेजारणीला सांगितलंसुद्धा, बघ माझा नवरा कसा झालाय. तुमचा उजवा हात वर जात नव्हता. हातोडी उचलत नव्हती, घासही उचलत नव्हता. दुखणं डॉक्टरने सांगितलं त्याच्या कितीतरी आधी तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही माजून भरलंत, शटर ओढून, एकटेच, आणि वरून असा रंग मारलात की इतकी वर्षं इथल्या उकाड्यात उभी राहूनही तडा गेला नाही.

घोडी राहिली असती तर तिचा रंग खरवडला असता. त्या खुर्चीसमोर, त्या पोरांसमोर. रियाधवाला खरवडेल तेव्हा त्याला सापडेल, सापडू दे. तो तुम्हाला ओळखत नाही.

वळणावर कशी चालली ते सांगायचं राहिलं. मी स्टेअरिंग फिरवायच्या आधी तिला कळलं होतं. कुठे झुलली नाही, कुठे अडली नाही, बापाच्या होडीसारखी पाण्यावरून गेली. सुनेने मोबाईल खाली ठेवला होता. रेडा तिच्यासमोर काहीच नाही. घोडीच चांगली होती हो. तुम्ही जिंकला होतात, आणि मी शेखांच्या तोंडावर खोटं बोलून तुम्हाला हरवलं.